'कंटेन्शस' म्हणजे दर वेळी 'वादग्रस्त'च का?

समासातली_टीप

इंग्रजीतून मराठीत मजकूर करताना 'कंटेन्शस' या विशेषणापाशी अडले आहे. शब्दकोशात 'वादग्रस्त, विवाद्य, भांडखोर' असे तीन अर्थ एका ओळीत मांडलेत, पण कुठे कुठला घ्यायचा त्याचा पत्ता नाही. वाक्यं वेगवेगळ्या मजकुरांतली आहेत:

१. 'द कंटेन्शस क्लॉज वॉज ड्रॉप्ड बिफोर द बिल वॉज टेबल्ड.'
२. 'द कोर्ट हिअर्स कंटेन्शस केसेस अँड गिव्ह्ज अ‍ॅडव्हायजरी ओपिनियन्स.' (हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाबद्दल)
३. 'द प्रोबेट पिटिशन बिकेम कंटेन्शस.' (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाने दिलेली मान्यता)
४. 'ही वॉज अ कंटेन्शस ओल्ड मॅन, बट नेव्हर अ डल वन.'
५. 'पार्किंग हॅज ऑलवेज बीन द मोस्ट कंटेन्शस आयटम ऑन द अजेंडा.' (हाउसिंग सोसायटीचा अहवाल)

सगळीकडे 'वादग्रस्त' घातलं तर कुणी हटकणार नाही बहुधा, पण चौथ्या वाक्यात 'वादग्रस्त म्हातारा' वाचून माझंच मन मानत नाही. आणि 'कॉन्ट्रोव्हर्शल', 'डिस्प्यूटेड', 'कंटेस्टेड' या भावंडांपासून हा शब्द वेगळा कसा काढायचा?

---

पूररेषा

पाचही ठिकाणी 'वादग्रस्त' टाकलंत तर एकच वाक्य उभं राहील, पहिलं, आणि तेही लंगडत.

आधी आपल्याच शब्दाकडे बघा. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला, पकडीत सापडलेला. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त. पाणी घरात शिरल्याशिवाय कुणी पूरग्रस्त होत नाही. नदीकाठचं कोरडं घर फार तर पूररेषेतलं. 'वादग्रस्त' म्हणजे तसंच, वाद होऊन चुकलाय आणि ती गोष्ट त्यात सापडली आहे. 'कंटेन्शस' हा पूररेषेतला शब्द आहे. वाद झालेला असेल किंवा नसेलही, पण त्या गोष्टीचा पिंडच असा की तिच्यावरून जुंपावी. उद्याच्या सभेत पहिल्यांदाच येणारा ठराव आजच कंटेन्शस असू शकतो. वादग्रस्त मात्र आज नाही म्हणता येणार.

त्यामुळे शब्दाला शब्दच हवा असेल तर 'विवादास्पद' जास्त जवळ जातो. संशयास्पद म्हणजे संशय यावा असं, हास्यास्पद म्हणजे हसू यावं असं, तसं विवादास्पद म्हणजे वाद व्हावा असं. 'विवाद्य' त्याहून थंड आहे: ज्याबद्दल वाद घालायला जागा आहे, इतकंच. तो इंग्रजी 'डिबेटेबल'च्या गावचा. कंटेन्शसमध्ये आवाज चढलेला असतो, विवाद्यमध्ये नसतो.

पण विशेषणाच्या जागी विशेषणच हवं हा हट्ट कशाला? मराठी हे काम क्रियापदाने सहज करते. 'ज्यावरून दर वेळी वाजतं', 'ज्यावर एकमत होत नाही', 'वादाला तोंड फोडणारं'. तुमचं पाचवं वाक्य: 'सभेत सगळ्यांत जास्त जुंपते ती पार्किंगच्या विषयावरून.' अहवाल सोसायटीचा आहे म्हणून जरा बेताने घ्यायचं तर 'विषयपत्रिकेवरचा सर्वाधिक मतभेदांचा विषय नेहमी पार्किंगचाच राहिला आहे'. 'मतभेदांचा' हा शब्द इथे फार उपयोगी पडतो. 'वादग्रस्त विषय' म्हटलं की पार्किंगचं प्रकरण कुठल्यातरी कोर्टात पडून आहे असा वास येतो.

चौथ्या वाक्याची गोष्ट वेगळी. माणसाला लावला की कंटेन्शसचा अर्थ बदलतो: वाद घालायला सदा तयार. या अर्थाने तो इंग्रजीत जुना आहे. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये सतत ठिबकणारं पाणी आणि 'कंटेन्शस' बाई सारखीच, असं वचन आहे. मराठीत छटा भरपूर आहेत, त्या निवडून घ्या. 'भांडखोर' आवाज चढवतो. 'तंटेखोर' प्रकरण चावडीपर्यंत नेतो. 'कज्जेदलाल' कोर्टापर्यंत, पण त्याला इंग्रजीत 'लिटिजस' हा वेगळा शब्द आहे. 'कळलाव्या' तर बिलकुल नाही, तो दुसऱ्यांची भांडणं लावून देतो आणि स्वतः नामानिराळा राहतो. कंटेन्शस माणूस स्वतः मैदानात असतो. तुमच्या म्हाताऱ्याला 'हुज्जतखोर' बसेल: 'म्हातारा हुज्जतखोर होता, पण कंटाळवाणा कधीच नाही.' हुज्जत शब्दांवरून, मुद्द्यावरून घातली जाते, आणि 'डल' नसलेला माणूस त्यातच शोभतो.

---

कैफियत

वाक्य दोन आणि तीनबद्दल. इथे 'कंटेन्शस' हा मनोवृत्ती सांगणारा शब्द राहत नाही, तो कामकाजाचा प्रकार सांगतो. कुणी भांडतंय, चिडलंय, याच्याशी त्याचा संबंध नाही. समोर विरोध करणारा पक्ष उभा आहे की नाही, एवढंच.

हेगच्या न्यायालयाची कामं दोन. राष्ट्रा-राष्ट्रांमधले खटले चालवणं ही 'कंटेन्शस' अधिकारिता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने, सुरक्षा समितीने किंवा अधिकार दिलेल्या संस्थांनी कायद्याचा प्रश्न विचारला तर मत देणं ही 'अ‍ॅडव्हायजरी'. पहिल्यात पक्षकार फक्त राष्ट्रंच असू शकतात आणि निकाल त्या पक्षकारांवर बंधनकारक असतो. दुसऱ्यात पक्षकारच नसतात आणि मत सहसा बंधनकारक नसतं. कुलभूषण जाधव प्रकरण पहिल्यातलं: भारताने ८ मे २०१७ रोजी अर्ज केला, १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ असा निकाल लागला. अण्वस्त्रांच्या वापराच्या कायदेशीरपणाबद्दलचं ८ जुलै १९९६चं मत दुसऱ्यातलं.

आता जाधव प्रकरणाला 'वादग्रस्त खटला' म्हटलं तर वाचक काय समजेल? खटल्यात काहीतरी काळंबेरं होतं. 'कंटेन्शस केस' म्हणजे फक्त 'दोन राष्ट्रांमधला खटला'. म्हणून वाक्य असं करा: 'हे न्यायालय राष्ट्रा-राष्ट्रांमधले खटले चालवतं आणि विचारलं असता सल्लादायी मतही देतं.' कंटेन्शसचा स्वतंत्र प्रतिशब्द वाक्यात कुठेही नाही, आणि तरी तो पूर्ण आला आहे. परिभाषा हवीच असेल तर 'वादविषयक अधिकारिता' चालेल, पण पहिल्या उल्लेखाला फोड करून सांगा.

प्रोबेटचं तर भारतीय वारसा अधिनियम, १९२५ मध्येच लिहिलंय. कलम २८६च्या स्पष्टीकरणात 'कंटेन्शन'ची व्याख्या आहे: कामकाजाला विरोध करण्यासाठी कुणी स्वतः, मान्यताप्राप्त प्रतिनिधीमार्फत किंवा वकिलामार्फत हजर होणं. बस. त्याने मोठ्याने बोलायचीही गरज नाही. कलम २९५ सांगतं की जिल्हा न्यायाधीशापुढे असा विरोध उभा राहिला की कामकाज शक्य तितकं नियमित दाव्यासारखं चालवायचं. प्रोबेट मागणारा वादी होतो, विरोधाला आलेला प्रतिवादी.

प्रत्यक्षात क्रम असा असतो. मृत्युपत्राच्या प्रोबेटसाठी अर्ज, मग संबंधितांना नोटीस. कुणाला हरकत असेल तर तो कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नका' असा अर्ज, दाखल करतो आणि आपला हितसंबंध काय, हरकत कशाला, ते प्रतिज्ञापत्रावर सांगतो. तिथून अर्जाचा दावा होतो, मुद्दे काढले जातात: मृत्युपत्र रीतसर झालं का, करणाऱ्याची मनःस्थिती ठीक होती का, कुणाचा गैरवाजवी दबाव होता का. मग साक्षीपुरावा. मृत्युपत्रावर निदान दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी कुणी हयात आणि हजर राहू शकणारा असेल तर त्याला बोलवावंच लागतं.

तेव्हा तिसऱ्या वाक्याचं 'प्रोबेटचा अर्ज वादग्रस्त ठरला' केलंत तर ते चुकीचंच. 'प्रोबेटच्या अर्जाला विरोध दाखल झाला आणि त्याचा दावा झाला' असं लिहा. लांब वाटलं तर 'प्रोबेटचं प्रकरण बिनविरोध राहिलं नाही'. 'नॉन-कंटेन्शस'ला आपल्याकडे 'बिनविरोध' हा तयार शब्द आहे, ग्रामपंचायतीपासून प्रोबेटपर्यंत कुठेही चालतो.

आणखी एक खाचखळगा. कोर्टाच्या मराठीत 'वाद' म्हणजे भांडण नाही, दावा. वादी, प्रतिवादी, वादपत्र, वाद मिळकत. त्यामुळे वकील मंडळी 'वादग्रस्त मिळकत' वाचतात तेव्हा त्यांना 'जिच्यावर दावा चालू आहे ती' असंच ऐकू येतं. कायद्याच्या मजकुरात हा शब्द टाकताना दोनदा विचार करा.

ब्रिटिश वकिलांच्या संकेतस्थळावर 'कंटेन्शस' आणि 'नॉन-कंटेन्शस' कामाची वेगळी पानं दिसतील. तिथे नॉन-कंटेन्शस म्हणजे खरेदीखत, मृत्युपत्र, करारमदार, म्हणजे कोर्टाची पायरी न चढता होणारं काम. आपल्याकडचे वकील याला सरळ 'लिटिगेशन' आणि 'नॉन-लिटिगेशन' म्हणतात.

---

समासातली_टीप

दोघांचे आभार. 'बिनविरोध' डोक्यातच आला नव्हता. मग 'कंटेस्टेड'लाही 'विरोध झालेला' म्हणायचं का? की तिथे वेगळं काही? आणि निकालपत्रात 'कंटेन्शन ऑफ द पिटिशनर' असतं तो काय प्रकार?

---

कैफियत

शेवटचं आधी: तिथे 'कंटेन्शन' म्हणजे 'म्हणणं'. 'अर्जदाराचे म्हणणे असे की…'. उत्तर द्यायला 'से' (लेखी म्हणणं) दाखल करतात ना, त्यातलंच. 'लर्नेड काउन्सेल कंटेंडेड दॅट' म्हणजे 'विद्वान वकिलांनी असा युक्तिवाद केला की'. 'वाद घातला' नको, वकील रागावतील.

'कंटेस्टेड' म्हणजे समोरच्याने सोडून दिलं नाही, लढवलं. सोपं उदाहरण घटस्फोटाचं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघं मिळून अर्ज करतात तो परस्परसंमतीचा. कलम १३ खाली एक जण मागतो आणि दुसरा हजर होऊन विरोध करतो तो 'कंटेस्टेड'. दुसरा आलाच नाही तर 'एकतर्फी'. हे तीन दाव्याचे प्रकार झाले. 'कंटेन्शस डिव्होर्स' म्हणजे मात्र कडवटपणाने गाजलेला घटस्फोट. संमतीने सही करण्याआधी दोघांनी दोन वर्षं एकमेकांचं रक्त आटवलं असेल तर संमतीचा घटस्फोटही कंटेन्शस म्हणता येतो. कंटेस्टेड असूनही शांतपणे, कागदावर लढवलेले असतातच. एक शब्द फायलीवर असतो, दुसरा घरात.

---

शिळीबातमी

वर्तमानपत्री मराठीच्या बाजूने चार ओळी, कारण 'वादग्रस्त'चा सर्वांत जास्त खप तिथेच होतो. मथळ्यात चार अक्षरांत काम भागतं, म्हणून इंग्रजीतले चारही शब्द याच एका पोत्यात कोंबले जातात. ते असे सुटे होतात.

'डिस्प्यूटेड': दोन पक्ष आहेत आणि मधे वाटून घ्यायची किंवा ठरवायची एक वस्तू आहे. जमीन, पाणी, मतमोजणी, वस्तुस्थिती. याला मराठीत अस्सल शब्द 'तंटा'. म्हणून तर आपण 'कृष्णा पाणीतंटा लवाद' म्हणतो, जो पहिल्यांदा १९६९मध्ये नेमला गेला. गावातली भांडणं मिटवायची शासकीय मोहीम २००७मध्ये निघाली तीही 'तंटामुक्त गाव' या नावाने. तंट्याचा निवाडा होऊ शकतो.

'कॉन्ट्रोव्हर्शल': लोकांत, जाहीरपणे, उलटसुलट चर्चा चालू आहे. पक्षकार ठरलेले नसतात, जो तो मत देतो. 'वादग्रस्त विधान' म्हणतो ते हेच, आणि इथे 'वादग्रस्त' अगदी योग्य आहे.

'कंटेस्टेड': वरचा कोर्टाचा अर्थ आहेच. इतिहासलेखनात तो 'ज्यावर अभ्यासकांचं एकमत नाही' या अर्थाने येतो.

'कंटेन्शस': पूररेषेचं उदाहरण वर आलंय, ते मला पटतं.

एकाच विषयात दोन शब्द कसे वेगळे पडतात ते शिवजयंतीवरून दिसेल. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७चा की १६३०चा, हा प्रश्न इतिहासकारांमध्ये दीर्घकाळ 'कंटेस्टेड' होता. साधनं, शकावल्या, तिथींचा हिशेब, असा तो वाद. राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली. पण जयंती तारखेने करायची की तिथीने, हा प्रश्न 'कंटेन्शस'. तिथे साधनं दाखवून कुणी गप्प बसत नाही.

सीमाप्रश्नात तर विशेषणच बाजू घेतं. बेळगावसह सीमाभागाला महाराष्ट्रात 'वादग्रस्त सीमाभाग' म्हणतात, म्हणजे 'डिस्प्यूटेड'. १९६६मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७मध्ये आला. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच ठेवावं असं त्यात होतं. महाराष्ट्राने तो नाकारला आणि २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा केला. कर्नाटकाची भूमिका अशी की महाजन अहवालाने विषय संपला. म्हणजे भाग 'डिस्प्यूटेड' आहे की नाही हेच एका बाजूला मान्य नाही! इंग्रजी बातमीदार अशा वेळी 'द कंटेन्शस बॉर्डर इश्यू' लिहितो. भांडण आहे एवढं तो कबूल करतो, भूभाग कुणाचा यावर अवाक्षर काढत नाही. मराठीत हे अलिप्तपण 'सीमाप्रश्न' या साध्या नामातच आहे, विशेषण गाळलं तरी चालतं. मी तर म्हणेन गाळावंच.

माणसांच्या बाबतीत मात्र हयगय नको. 'अ कंटेन्शस ऑफिसर' म्हणजे वरिष्ठांशी सतत वाजणारा अधिकारी. त्याचं 'वादग्रस्त अधिकारी' केलं की वाचकाच्या डोळ्यापुढे चौकशी आणि निलंबन येतं. मूळ मजकुरात नसलेला आरोप भाषांतरकाराच्या हातून होतो, आणि नोटीस संपादकाच्या नावाने येते.

जाता जाता: 'विवादित' हा शब्द हिंदी बातम्यांच्या वाटेने मराठीत शिरलाय. व्याकरणाने चूक नाही, पण 'वादग्रस्त' असताना त्याची गरज मला तरी दिसत नाही.

---

चष्मा_कुठाय

ग्रस्त-आस्पद ही फोड सुंदर आहे, पण वापर व्युत्पत्तीला विचारून होत नाही. २०२०च्या तीन कृषी कायद्यांना इंग्रजी वृत्तपत्रं सर्रास 'कंटेन्शस फार्म लॉज' म्हणत होती, मराठीत 'वादग्रस्त कृषी कायदे' चाललं आणि त्यात कुणाचं काही अडलं नाही. कारण तेव्हा वाद खरोखर पेटलेला होता. १९ नोव्हेंबर २०२१ला कायदे मागे घेण्याची घोषणा झाली तोपर्यंत दोन्ही शब्दांचा अर्थ त्या संदर्भात एकच झाला होता. तेव्हा 'वादग्रस्त' बाद करू नका. वाद होऊन गेला असेल, विषय सार्वजनिक असेल, आणि शब्द माणसाला लावलेला नसेल, तर खुशाल वापरा. उलट 'विवादास्पद' मराठी कानाला जरा दोषारोप करणारा लागतो. 'विवादास्पद वक्तव्य' म्हटलं की बोलणारा चुकलाच असं धरून चालतात. इंग्रजी कंटेन्शसमध्ये तो ठपका इतका नसतो.

माणसासाठी एक शब्द राहिला: 'वितंडवादी'. न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार. वाद सत्य शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत बसणं. कंटेन्शस माणूस जल्प आणि वितंडा यांच्या मधे कुठेतरी बसतो. गंमत म्हणजे मूळ 'वाद' हा यातला सगळ्यांत सभ्य प्रकार होता, आता तोच बदनाम आहे.

---

पूररेषा

@चष्मा_कुठाय: तीन अटींसह मान्य. ठपक्याचा मुद्दाही बरोबर, म्हणून तर मी 'मतभेदांचा' सुचवला.

---

फळा_खडू

इंग्रजी वापराच्या बाजूने, कारण मराठीतून इंग्रजीत जाताना याच शब्दावर मुलं घसरतात.

उच्चार: कन्-टेन्-शस. जोर 'टेन्'वर, पहिला 'क' अस्पष्ट. 'कॉन्टेन्शियस' नाही. शेवटच्या चार-पाच अक्षरांचा उच्चार फक्त 'शस'.

स्पेलिंग: मधे 'टी' येतो, 'सी' किंवा 'एस' नाही. आठवत नसेल तर नाम लिहून बघा. कंटेन्शनमध्ये 'टी' आहे, म्हणून विशेषणातही 'टी'. इन्फेक्शन-इन्फेक्शस, कॉशन-कॉशस, अँबिशन-अँबिशस, सगळे याच साच्यातले.

कुळ: मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ताणणं, जोर लावणं. आपला 'ताण' आणि संस्कृत 'तन्' त्याच भाषाकुळातले, तेव्हा 'ताणाताणी' हा कंटेन्शनचा जवळजवळ सख्खा भाऊ. 'कंटेंट' मात्र या क्रियापदावरून आलेला नव्हे. तो लॅटिनमधल्या 'धरणे' या क्रियापदावरून आला. समाधानी अर्थाचा 'कंटेंट'ही तिथलाच. 'कंटेन्शस म्हणजे भरपूर कंटेंट असलेला' असं उत्तर परीक्षेत हमखास मिळतं.

गोंधळ होणारे शब्द तीन. 'कॉन्शिएन्शस' म्हणजे मनापासून, चोख काम करणारा. शिफारसपत्रात तो लिहायचा आणि हातून कंटेन्शस गेला तर उमेदवाराचं कल्याण. 'टेन्डेन्शस' म्हणजे एका मताकडे ओढत नेणारा, एकांगी. लेख टेन्डेन्शस असतो आणि त्यामुळे कंटेन्शस ठरतो, म्हणजे दोन्ही एकत्र येऊ शकतात पण अर्थ एक नाही. 'फ्रॅक्शस' म्हणजे किरकिरा, आवरायला कठीण. तापाने कुरकुरणारं मूल किंवा आपापसांत न पटणारी आघाडी.

जोड्या: इश्यू, क्लॉज, डिबेट, टॉपिक, मीटिंग यांच्या आधी येतो. 'हायली', 'डीपली', 'पोलिटिकली' ही क्रियाविशेषणं शोभतात. क्रियापदांत 'प्रूव्ह' आणि 'रिमेन' नेहमीचे. 'व्हेरी कंटेन्शस' चूक नाही, नुसतंच अळणी.

क्रियापद 'कंटेंड' पुढच्या शब्दाप्रमाणे रंग बदलतं. 'कंटेंड दॅट' म्हणजे प्रतिपादन करणं, 'कंटेंड फॉर' म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी झुंजणं, 'कंटेंड विथ' म्हणजे अडचणीला तोंड देणं. 'वुई हॅड टू कंटेंड विथ हेवी रेन' यात कुणी पावसाशी वाद घातलेला नाही. क्रिकेटच्या बातमीत 'इन कंटेन्शन' म्हणजे शर्यतीत असलेला, 'आउट ऑफ कंटेन्शन' म्हणजे बाहेर पडलेला. आणि 'बोन ऑफ कंटेन्शन'चं हाडूक मराठीत आणू नका. 'भांडणाचं मूळ' पुरे.

'डिसेंटिंग' याच गटात समजतात, तेही चूक. तो शब्द बहुमताशी असहमत असणाऱ्याला लागतो, भांडकुदळपणा त्यात नाही. २८ एप्रिल १९७६च्या बंदी प्रत्यक्षीकरण (हेबियस कॉर्पस) खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल लागला, तेव्हा न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचं निकालपत्र 'डिसेंटिंग'. मराठीत 'भिन्नमताचं निकालपत्र'. ते कंटेन्शस होतं असं म्हणणं म्हणजे त्यांच्या संयमावर अन्याय.

---

कैफियत

पहिल्या वाक्यात 'टेबल्ड' आहे तिकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीत 'टेबल' करणं म्हणजे सभागृहापुढे मांडणं. अमेरिकन इंग्रजीत नेमकं उलटं, म्हणजे विषय बाजूला ठेवणं. मजकूर कुठला आहे ते बघितल्याशिवाय हात लावू नका.

'मूट' या विशेषणाचंही तेच. आपल्याकडे 'मूट पॉइंट' म्हणजे चर्चेला खुला मुद्दा, म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांचं 'मूट कोर्ट', अर्थात अभिरूप न्यायालय. अमेरिकेत मूट म्हणजे ज्यावर निर्णय देऊन आता उपयोग नाही असा. त्या अर्थाला आपल्या कोर्टात 'इन्फ्रक्च्युअस' म्हणतात, मराठीत 'अर्ज निष्फळ ठरल्याने निकाली'.

---

समासातली_टीप

मजकूर दिल्लीचा आहे, त्यामुळे 'टेबल्ड' म्हणजे मांडलं. आता पाच वाक्यं अशी झालीत:

१. वादग्रस्त कलम वगळूनच विधेयक सभागृहात मांडलं गेलं.
२. हे न्यायालय राष्ट्रा-राष्ट्रांमधले खटले चालवतं आणि विचारलं असता सल्लादायी मतही देतं.
३. प्रोबेटच्या अर्जाला विरोध दाखल झाला आणि त्याचा दावा झाला.
४. म्हातारा हुज्जतखोर होता, पण कंटाळवाणा कधीच नाही.
५. विषयपत्रिकेवरचा सर्वाधिक मतभेदांचा विषय नेहमी पार्किंगचाच राहिला आहे.

---

शिळीबातमी

पहिल्यात अजून एक बघा. विधेयक मांडायच्या आधीच ते काढलं, म्हणजे सभागृहात त्यावर वाद झालाच नाही. मसुदा बाहेर फुटून किंवा हरकती-सूचना मागवल्यावर ओरड झाली असेल तर 'वादग्रस्त' ठीक. तशी ओरड मूळ मजकुरात कुठेच नसेल, नुसता वाद टाळण्यासाठी काढलं असेल, तर 'वाद होईल असं कलम वगळूनच विधेयक मांडलं गेलं'. आणि इंग्रजीतला 'क्लॉज' म्हणजे विधेयकात 'खंड'. 'कलम' तो कायदा झाल्यावर होतो. बातमीत 'कलम' चालून जातं, पण तुमचा मजकूर विधिमंडळाच्या कामासाठी असेल तर 'खंड'च लिहा.

---

समासातली_टीप

मागचं पान काढून पाहिलं. मसुद्यावर हरकती आल्या होत्या, तसं दोन परिच्छेद आधी लिहिलंय. तेव्हा 'वादग्रस्त खंड'.